चिप नको, दोरी आणि मोबाइल पुरे
शंभर-सव्वाशे धावपटूंच्या शर्यतीलाही वेळ नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक चिप हवीच, हे शर्यतींवरच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. मिरामारला आमच्या मंडळाच्या ५ किलोमीटरला मी स्टॉपवॉच धरलं होतं, भाचा बिब नंबर, म्हणजे धावपटूंच्या छातीवरचे क्रमांक, वहीत लिहीत होता. एकेकटे येत होते तोवर ठीक. सातजणांचा घोळका एकदम आला आणि वहीतून दोन नंबर गायब! त्यात पावसाची सर, शाई फुटली ती वेगळीच. आता शेवटच्या रेषेपुढे दोरीची चिंचोळी वाट करतो आणि एकजण मोबाइलवर सलग व्हिडिओ घेतो. वाद झाला की तो बघायचा. बिबवरची चिपही घामाने अंगाला चिकटली की रेषेवरची चिप वाचणारी मॅट ती कधी कधी वाचत नाही. हजारभर धावणार असतील, मागच्यांना सुरुवातीची रेषा गाठायलाच दोन मिनिटं लागत असतील, तर मात्र प्रत्येकाची वेळ त्याने ती रेषा ओलांडल्यापासून मोजणारी चिपच घ्या.