‘सेक्रेड गेम्स’ वाचणाऱ्यांना ‘मधली प्रकरणं गाळा’ असं सांगू नका

‘सेक्रेड गेम्स’ वाचू का, असं कुणी विचारलं की एक सल्ला हमखास ऐकू येतो: "वाच, पण मधली ती चार जादा प्रकरणं गाळ. मूळ गोष्टीशी त्यांचा काही संबंध नाही." असं सांगणाऱ्यांत माझे जवळचे मित्र आहेत, आमच्या वाचनालयातल्या चांगल्या वाचणाऱ्या काकू आहेत. मला हे अजिबात पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. (पुढे कथानकातलं बरंच काही उघड होणार आहे. ज्यांना पुस्तक कोरं वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.)

विक्रम चंद्रांची ही इंग्रजी कादंबरी २००६ साली आली. नऊशेच्या घरात पानं, मुंबई पोलीस, अंडरवर्ल्ड, एक बुवा आणि शहरात कुठेतरी दडवलेला अणुबॉम्ब. तिच्याबद्दलची मतं इतकी टोकाची का, हे मला पूर्वी कळायचं नाही. आता थोडं कळतं. बरेच जण तिच्यावरची २०१८ ची मालिका पाहून पुस्तकाकडे वळले. मालिकेत गायतोंडे हा डॉन सरताज या पोलीस इन्स्पेक्टरला सांगतो, पंचवीस दिवस उरलेत, शहर वाचव. पुस्तकात ही पंचवीस दिवसांची मुदतच नाही. ती मनात धरून वाचायला बसलं, की सरताज एका विमान कंपनीतल्या बाईच्या ब्लॅकमेलिंगच्या तपासात गुंतलेला दिसतो आणि वाचक वैतागतो. बॉम्बचं काय झालं? हा काय करत बसलाय?

शिवाय आपल्याकडे रहस्यकथेची एक सवय आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर आपल्या घरातल्या दोन पिढ्या वाढल्या. वाचनालयातून आणायची, एका बैठकीत संपवायची, दुसऱ्या दिवशी बदलून आणायची. ती गंमत मलाही प्रिय आहे. पण त्याच अपेक्षेने ही कादंबरी उघडली तर शंभराव्या पानावर दम लागणारच.

आणि सुरुवात तर अशी की पुस्तक खाली ठेवणं शक्य नाही. नव्या कोऱ्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून फ्लफी नावाचं पांढरं पॉमेरेनियन कुत्रं खाली फेकलं जातं. नवराबायकोचं भांडण, पोलिसांना बोलावणं, सरताज आणि त्याचा हवालदार काटेकर तिथे. मग टीप मिळते आणि सरताज एका पांढऱ्या, चौकोनी, खिडकी नसलेल्या बांधकामासमोर उभा राहतो. आत गणेश गायतोंडे. बुलडोझर येईपर्यंत त्याला बोलतं ठेवायचं, आणि तो स्पीकरवरून, आपण पहिलं सोनं कसं विकलं याची गोष्ट सांगतो. बुलडोझर भिंत फोडतो तोवर गायतोंडेने स्वतःला गोळी घातलेली असते. दुसऱ्याच प्रकरणात खलनायक मेला! आणि तरी तो पुढे शेकडो पानं बोलत राहतो. लेखकाने सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलंय की आता काय होणार यापेक्षा हे सगळं इथवर कसं आलं, ते बघा.

म्हणूनच ती मधली प्रकरणं महत्त्वाची. पहिलं फाळणीचं आहे. सरताजची आई आज पुण्यात एकटी राहते. ती लहान असताना तिच्या घरावर काय कोसळलं आणि तिची मोठी बहीण नवनीत कशी हरवली, ते त्यात येतं. सरताजला यातलं जवळजवळ काहीच ठाऊक नाही. दुसरं प्रकरण के. डी. यादव या गुप्तचर अधिकाऱ्याचं. मेंदूतल्या गाठीने तो दवाखान्यात मरणपंथाला लागलाय. गायतोंडेला देशाच्या कामाला जुंपणारा माणूस हाच. म्हणजे ‘मूळ गोष्टीशी संबंध नाही’ हे तर सरळसरळ चूक आहे.

पण मला खरं बोलायचंय ते चौथ्याबद्दल.

त्याआधी काटेकर. मालिकेत जितेंद्र जोशीने त्याला जे केलं ते उत्तमच, पण पुस्तकातला काटेकर वाचणं हा मराठी वाचकासाठी वेगळा अनुभव आहे. एका खोलीतला संसार, बायको शालिनी, रोहित आणि मोहित ही दोन मुलं. परप्रांतीयांबद्दल, झोपडपट्टीत नव्याने आलेल्यांबद्दल तो जे बोलतो ते आपण आपल्या घरांत, कट्ट्यांवर, लोकलमध्ये ऐकलेलं आहे. पुस्तक अर्धं व्हायच्या आतच, संशयितांना पकडताना, पळणाऱ्यांपैकी एका बिहाऱ्याच्या वाराने तो जातो. पुढे सरताज शालिनीला भेटायला जातो, पैसे देतो, काय बोलावं ते त्याला सुचत नाही. ती पानं वाचताना त्या बिहाऱ्याबद्दल मनात निव्वळ संताप असतो. माझ्याही होता.

आणि मग, कादंबरी जवळजवळ संपत आल्यावर, चंद्रा त्या माणसाची गोष्ट सांगतात. त्याचं नाव आदिल. बिहारमधल्या गावातला, शिकायचं वेड असलेला मुलगा. शिक्षण हातचं जातं, जमीन जाते, तो नक्षलवाद्यांत जातो, तिथूनही बाहेर पडतो आणि मुंबईत येऊन पोहोचतो. काटेकरला मारणारा हात कुणाचा होता ते तेव्हा कळतं. गुन्ह्याला माफी कुठेच नाही, शालिनीचं दुःख तसूभरही कमी होत नाही. पण ज्याने हे प्रकरण गाळलं, त्याच्यासाठी तो माणूस ‘तो बिहारी’ एवढाच राहिला. काटेकरने त्याला जितकं ओळखलं, तितकंच त्या वाचकाने ओळखलं.

याच प्रकरणात दूर अमेरिकेत एका घरातली आजी शेवटच्या घटका मोजते आहे. ती कोण, हे फाळणीचं प्रकरण वाचलेल्यालाच कळतं. पुण्यातल्या बहिणीला ते कधीच कळत नाही. मुख्य गोष्टीतल्या एकाही पात्राला न कळलेलं फक्त वाचकाच्या हाती येतं. हे सस्पेन्स नाही तर काय आहे?

बाकी तक्रारी मी ऐकून घेते. त्या बुवाची, म्हणजे गुरुजींची, प्रवचनं लांबलीत, खरं आहे. गायतोंडे थायलंडच्या बाजूला बोटीवर राहायला जातो तो भाग माझ्याकडूनही रेटत वाचला गेला. ‘लेखक परदेशी वाचकासाठी लिहितो’ हा आरोप मात्र चुकीचा. आपल्या शिव्या, ‘खोका’, ‘पेटी’, ‘घोडा’ सगळं तो वाक्यात जसंच्या तसं टाकतो आणि अर्थ सांगायला थांबत नाही. धडपडायचं तर तिकडच्या वाचकाने.

एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. ती माझ्या मामेबहिणीची. ती म्हणाली, "ताई, जोजोला स्वतःचं प्रकरण का नाही?" जोजो गायतोंडेला मुली पुरवते, आणि त्याला तोंडावर झापणारी बहुधा तीच एकटी. वर्षानुवर्षं दोघं फोनवर बोलतात, समोरासमोर येतात ते थेट सुरुवातीच्या त्या बिनखिडकीच्या बंकरमध्ये. तिथे ती मरते, आणि हे सगळं आपल्याला कळतं ते तिला मारणाऱ्याच्याच तोंडून. आदिलला जो न्याय मिळाला तो जोजोला मिळायला हवा होता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खाली लिहा. आणि ती प्रकरणं गाळून पुस्तक वाचलं असेल, तर निदान पहिलं आणि चौथं आता वाचा, मग भांडू.