करंगळीचा भाव

डोळ्याच्या बदल्यात डोळा म्हणजे रानटीपणा आणि पैशात भरपाई म्हणजे सुधारणा, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. पण क्रम उलटाच निघाला राव. डोळ्याला डोळावाला बाबिलोनचा राजा हम्मुराबी, त्याच्या आधी तीनेकशे वर्षं सुमेरमध्ये (आजच्या इराकात) राजा उर-नम्मूचा कायदा होता, त्यात कुणाचा डोळा फोडला तर अर्धा मिना (मिना म्हणजे साधारण अर्धा किलोचं जुनं वजन) चांदी मोजा आणि सुटा. मग हम्मुराबी आला (इ.स.पू. १७५० च्या आसपास) आणि म्हणाला चांदीबिंदी काही नको, डोळाच काढा. पण तेही कधी, तर फुटलेला डोळा प्रतिष्ठित माणसाचा असेल तरच! साध्या माणसाचा असला तर एक मिना चांदी, आणि गुलामाचा असला तर त्याच्या किमतीच्या निम्मे. म्हणजे डोळ्याला डोळा हा मान होता आणि तो सगळ्यांच्या नशिबी नव्हता. मला तर यात थोडं लॉजिक दिसतं, कारण पैसेवाल्याला दंडाचं काय, फोडणार आणि पाकीट काढणार. घर पडून मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारा, हे कलम मात्र काही केल्या घशाखाली उतरत नाही.

आपल्याकडे मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढा. क्षत्रियाने ब्राह्मणाला शिवी दिली तर १०० पण (जुनं नाणं) दंड, ब्राह्मणाने शूद्राला दिली तर १२, आणि शूद्राने ब्राह्मणाला दिली तर दंड नाहीच, थेट अंगावरची शिक्षा. त्याच अध्यायात चोरीसाठी उलटं आहे, शूद्राला आठपट दोष आणि ब्राह्मणाला ६४ पट किंवा त्याहून जास्त. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक आपापल्या सोयीचा श्लोक फिरवतात. दोन्ही वाचा, पण चोरीचा श्लोक दाखवून शिवीचा झाकला जात नाही, एवढं लक्षात ठेवा.

माझा सगळ्यात आवडता कायदा मात्र इंग्लंडातल्या केंटचा, राजा एथेलबर्टचा, इ.स. ६०० च्या सुमाराचा. अक्षरशः रेटकार्ड आहे. साध्या स्वतंत्र माणसाचा जीव १०० शिलिंग, अंगठा २०, समोरचा दात ६, मधलं बोट ४, अनामिका ६ आणि करंगळी ११! करंगळी मधल्या बोटापेक्षा महाग, का कोण जाणे.

हसू नका, आपल्याकडेही १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात (तो २०२५ पर्यंत लागू होता) असंच परिशिष्ट होतं. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं, तर्जनी १४, मधलं १२, करंगळी फक्त ७. वर हिशेब पगारावर, म्हणजे बोट तेच पण हेल्परचं स्वस्त.

माझ्या मामाची करंगळी प्रेस मशीनमध्ये गेली, अजून चहाचा कप धरला की ती मोकळी जागा दिसते. त्याला ही दोन्ही रेटकार्डं वाचून दाखवली. कप खाली ठेवून म्हणतो, "अकरा? मग केंटातच नोकरी धरायला हवी होती की रे."