सॅन अँटोनिओ राहून गेलं

चिकानो सोल, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांनी गायलेलं सोल संगीत, यावरचा तुमचा लेख आवडला, पण सगळा भर ईस्ट लॉस एंजेलिसवर आणि टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओची एका ओळीत बोळवण, हे खटकलं. गायक सनी ओझुना तिथलाच! 'टॉक टू मी' हे मूळ लिटल विली जॉनचं, १९५८ चं गाणं. सनीच्या 'सनी अँड द सनग्लोज' या बँडनं १९६३ मध्ये ते पुन्हा गायलं आणि अमेरिकाभर गाजवलं. एकदा ऐकाच. लय संथ, आवाज आर्जवी, कुठेही ओढाताण नाही. या पोरांच्या घरात बोलेरो (संथ स्पॅनिश प्रेमगीतं) आणि रांचेरा (मेक्सिकोची पारंपरिक गाणी), तर रेडिओवर कृष्णवर्णीय गायकांचं डू-वॉप (अनेक आवाजांचा मेळ साधणारं गाणं) आणि आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज). दोन्ही कानांत मुरलेलं, म्हणून इंग्रजी शब्दांतही बोलेरोची ती विनवणी उतरते.

आणि अमेरिकन रेडिओ निवेदक आर्ट लाबो यांच्या फर्माईशींच्या कार्यक्रमाचा उल्लेख हवाच होता. २०२२ मध्ये ते गेले. त्याआधी कित्येक वर्षं लोक त्यांना फोन करून आपल्या माणसासाठी गाणं लावायला सांगत. तुरुंगातल्या नवऱ्यासाठी बायको, बापासाठी लेकरं. ही गाणी पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचली त्यात या फर्माईशींचा फार मोठा वाटा आहे. सॅन अँटोनिओवर स्वतंत्र लेख लिहाच, वाट बघतोय.