चवीपुरतं

"आई, चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?"

रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. जर्मनीत, आखेनला, संध्याकाळचे सात चाळीस. ओंकार एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मिठाची पुडी धरून उभा होता आणि इकडे कोथरूडला मी उशीला टेकून, अर्धवट झोपेत, त्याच्याकडून आमटी करवून घेत होते.

"चवीपुरतं म्हणजे चवीला लागेल तेवढं."

"पण चव तर मीठ घातल्यावर कळणार ना?"

पोटचं पोर मेकॅनिकल इंजिनिअर असलं की असं होतं. बरं, मुद्दा बिनतोड होता. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी जवळजवळ रोज आमटी केली, पण मीठ किती घालतेस असं मला कुणी विचारलं नव्हतं. खारट झाली तर सांगायचे. खारट नसली तर कुणी काही बोलायचं नाही. आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

"बरं, आधी गॅस मंद कर."

"आई, गॅस नाहीये. काचेची शेगडी आहे. एक ते नऊ आकडे आहेत. मंद म्हणजे कितवा?"

"तीन," मी ठोकून दिलं. डाळीला शिट्ट्या तीन, म्हणून शेगडीचा आकडाही तीन. मग त्यानं पाणी किती ते विचारलं. मी म्हटलं, बोटाच्या पेरापर्यंत. कुणाच्या बोटाच्या, हा पुढचा प्रश्न येताना दिसला तेव्हा मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर विषय काढला. आम्ही चौघी गेली अकरा वर्षं वेताळ टेकडी चढतो. चढतो कमी, बोलतो जास्त. वजन एकीचंही उतरलेलं नाही. बोलायचं काय तेही ठरलेलं. काल रात्री काय केलंस, आज काय करणार, आणि मुलं जेवतात का. मुलं लहान होती तेव्हा ती जेवत नाहीत म्हणून रडत होतो, मोठी झाल्यावर बाहेरचंच जेवतात म्हणून. आता विद्याचा नातू दहा महिन्यांचा आहे. त्याची आई त्याला भरवत नाही. उकडलेलं गाजर पुढ्यात ठेवते आणि तो आपलं आपण खातो. हे शास्त्रशुद्ध आहे म्हणे.

"निम्मं गाजर भिंतीला, पाव केसांत," विद्या म्हणाली. "आणि मी तोंडातून शब्द काढायचा नाही. चिऊचा घास म्हटलं की सूनबाई म्हणते, आई, जबरदस्ती नको."

ओंकारला मी सात वर्षांचा होईपर्यंत गॅलरीत उभं करून, खालून जाणाऱ्या रिक्षा मोजायला लावत भरवलंय. एका रिक्षेला एक घास. रिक्षांचा संप असला की त्या दिवशी उपास. त्याला मोजून जेवायची सवय कुणी लावली, ते हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय.

असो. "वाटीभर डाळीला मीठ किती गं?" मी विचारलं.

"चमचाभर," वर्षा म्हणाली.

"कुठला चमचा?"

झालं, तिथेच समिती बसली. विद्या रत्नागिरीची. तिचं म्हणणं, आमसुलं असतील तर मीठ बेतानं घालावं, आणि मुळात गूळ किती यावर सगळं आहे. वर्षा कोल्हापूरची. "गूळ? आमटी करतीस का काकवी?" कांदा-लसूण मसाल्यातच मीठ असतं, वेगळं कशाला मोजायचं, हा तिचा मुद्दा. ओंकारकडे कांदा-लसूण मसाला नाही, गोडा मसाला आहे, हे मी सांगितल्यावर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी मुलाला उघड्या अंगानं बर्फात धाडलाय.

नागपूरची सुनंदा इतका वेळ गप्प होती. "पोराला आमटी शिकवून राहिल्या की भांडून राहिल्या?" ती म्हणाली. "साधं वरण सांगा ना त्याला. वरून तूप टाकलं की झालं."

तूप! तिनं नेमकी खपली काढली. ओंकार निघायच्या आदल्या आठवड्यात मी किलोभर लोणी कढवून, तूप बरणीत भरून, बरणीला तीन पिशव्या गुंडाळून ठेवली होती. तेवढ्यात ह्यांनी कुठलासा कागद वाचून दाखवला. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. मी म्हटलं, तूप म्हणजे काही दूध नव्हे. दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप; दुधाचा पणतू झाला तो. पण त्यांच्या कस्टमला पणतूही चालत नाही. शेवटी ते तूप आम्हीच खाल्लं. माझं कोलेस्टेरॉल हा त्या परदेशी शिक्षणाचा छुपा खर्च आहे.

उघड खर्च वेगळा. तिथल्या सरकारी विद्यापीठात शिकवायची फी नाही, एवढंच नातेवाइकांनी ऐकलेलं. त्यामुळे "फुकटच आहे म्हणे" हे वाक्य मला तीन लग्नांत आणि एका बाराव्याला ऐकावं लागलं. व्हिसासाठी एका खात्यात ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे आणि त्यातले महिन्याला ९९२ त्याला मिळणार, हे कुणी ऐकून घेत नाही. वर्षाला ते समजावताना टेकडीचा अर्धा चढ संपला होता.

"म्हणजे पैसे आपले आणि आपल्यालाच महिन्याच्या महिन्याला मोजून देणार?"

"हो."

"मग माझ्या सासूबाई जर्मनच म्हणायच्या."

विमानात तेवीस किलो. त्यात तीन लिटरचा कुकर, गोडा मसाला, आमसुलं, पोहे, मेतकूट आणि उरलेल्या जागेत शिक्षणाला लागणाऱ्या वस्तू. शेवटचे आठशे ग्रॅम जास्त भरले तेव्हा जाडं जॅकेट काढलं. जॅकेट तिथे मिळतं.

टेकडीवर निकाल लागला नाहीच. घरी येऊन मी ह्यांना ग्रॅमचा प्रश्न सांगितला आणि ही माझी चूक झाली. हे बँकेतून निवृत्त. गेली दोन वर्षं तपासायला काही मिळालेलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक सुरू होण्याआधी बघते तर ओट्याजवळ स्टुलावर हे, मांडीवर वही, समोर वजनकाटा. लग्नानंतर इतका वेळ स्वयंपाकघरात ते पहिल्यांदाच बसले.

पद्धत बँकेची. मी फोडणीला बसण्याआधी मिठाच्या बरणीचं वजन, आमटी झाल्यावर पुन्हा वजन, फरक म्हणजे खर्च. मसाल्याचं तेच, गुळाचं तेच. पहिल्या दिवशी मीठ सहा ग्रॅम. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी पाच.

"तुझ्यात सातत्य नाही," हे म्हणाले.

"आमटी कशी होती?"

"तिन्ही दिवस चांगली होती. तेच तर कळत नाही."

मी सांगितलं की दुसऱ्या दिवशी आमसुलं जुनी होती, आणि तिसऱ्या दिवशी डाळीलाच चव होती. हे त्यांना शीटमध्ये कुठल्या रकान्यात टाकायचं ते समजेना. मग त्यांनी सरासरी काढली, घरात खाणारी माणसं दोन म्हणून दोननं भागलं आणि 'आमटी, एका माणसाची' अशी शीट ओंकारला पाठवली. डाळ ४० ग्रॅम. मीठ ३ ग्रॅम. आमसुलं २ नग. कढीपत्ता 'उपलब्धतेनुसार'.

ओंकार खूश झाला. महिनाभर माझ्याकडे प्रश्न येणं बंद झालं. बंद झालं ते मला बरं वाटलं, असं मी टेकडीवर तिघींना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवल्यासारखं केलं.

मध्यंतरी एकदाच फोन आला, तोही रविवारी कांदा संपला म्हणून. तिथे रविवारी दुकानं बंद. "शेजारी माग की," मी म्हटलं. ह्यांनी मागून माहिती पुरवली की रविवारच्या सुट्टीचं कलम त्यांच्या १९१९ सालच्या राज्यघटनेतलं आहे आणि ते अजून चालू आहे. त्या पोरानं त्या रात्री बिनकांद्याची आमटी आणि १९१९ सालचं कलम खाल्लं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली आणि त्याचे फोन अकराऐवजी बारा वाजता यायला लागले. नोव्हेंबरात असाच एकदा मध्यरात्री आला.

"बाबा, तुमच्या शीटमध्ये चूक आहे. हे एका माणसाचं प्रमाण नाही, दीड माणसाचं आहे. रोज उरतंय."

ह्यांचा हिशेब चुकला हे ऐकून माझी झोप उडाली. असा योग वारंवार येत नाही. ह्यांनी लॅपटॉप उघडला, बेरीज तीनदा तपासली. बेरीज बरोबर, सरासरी बरोबर, भागाकारही बरोबर. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू डाळ किती घेतेस?"

"नेहमीची."

"नेहमीची म्हणजे?"

मी काही बोलले नाही. ओंकार सप्टेंबरात गेला. डाळीच्या डब्यातल्या वाटीला ते कुणी कळवलं नव्हतं.

"म्हणजे पातेलं अजून तिघांचंच आहे," ओंकारनं हिशेब लावला. "मग तुमच्याकडेही रोज उरत असेल की. त्याचं काय होतं?"

हे मात्र मलाही ठाऊक नव्हतं. मी टेकडीवरून येते तोवर आदल्या रात्रीचं पातेलं घासून पालथं घातलेलं असतं. उरलंसुरलं मावशी घरी नेतात असं मी धरून चालले होते.

ह्यांनी लॅपटॉप मिटला. "सकाळी मी खातो," ते म्हणाले. "शिळ्या पोळीशी. चांगली लागते."

"मग बाबा, ते शीटमध्ये का नाही धरलंत?"

"ठेव आता फोन. उद्या तुला लेक्चर आहे."