नाळे नीरु बरुवुदिल्ल

आमच्या बंगळूरच्या सोसायटीत नोटिसा इंग्रजीतून निघतात. त्या कोणी वाचत नाही हा भाग वेगळा. पण टँकरवाले, भाजीवाले, कामाला येणाऱ्या बायका यांच्यासाठी एक तरी नोटीस कन्नडमध्ये लावावी असं कमिटीत ठरलं. मजकूर एवढुसा: 'नाळे नीरु बरुवुदिल्ल', उद्या पाणी येणार नाही, आणि खाली अपार्टमेंटचं नाव. टाइप कोण करणार म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी महाराष्ट्रातल्या एका कचेरीत जन्मभर मराठी टायपिंग केलंय, शिवाय "मराठी और कन्नड तो सेम ही है ना, आंटी?" असं बी विंगमधल्या गुडगावच्या मुलाचं मत पडलं.

सोसायटीच्या कॉम्प्युटरचा ॲडमिन पासवर्ड मागच्या सेक्रेटरीसाहेबांबरोबर कॅनडाला गेलाय. त्यामुळे कन्नड टायपिंगची सॉफ्टवेअरं, 'बरह' नको, 'नुडी' नको, काही म्हणजे काही इन्स्टॉल करायची सोय नाही. उरला ब्राउझर आणि त्यातला फुकटातला कीबोर्ड.

हा कीबोर्ड आधी मनकवडा निघाला. तुम्ही रोमनमध्ये लिहायचं, स्पेस द्यायची, की तो आपल्या अकलेने कन्नड करून देतो. पण रोमनमध्ये ल आणि ळ यांना मिळून एकच एल! त्याने परस्पर ल घेतला. नाळे म्हणजे उद्या आणि नाले म्हणजे कालवा. नोटीस झाली, 'कालव्याचं पाणी येणार नाही'. मंड्याकडच्या ऊसवाल्यांची झोप उडवणारी बातमी, पण आमच्या बी विंगला तिचा काय उपयोग?

"मेडम, नाले अल्ल, नाळे. कॅपिटल एल हाकी," मेष्ट्रु म्हणाले. मेष्ट्रु म्हणजे तळमजल्यावरचे हासनकडचे निवृत्त मास्तर. मराठी माणसाला ळ शिकवायची वेळ कोणावर यावी! हिंदीवाल्यांसमोर आपण ज्या अक्षराच्या जोरावर मिरवतो, तेच त्या यंत्राने माझ्याकडून काढून घेतलं होतं.

मग रोमनचा नाद सोडून पडद्यावरचा चित्रातला कीबोर्ड उघडला. माउसने एकेक अक्षर टिपायचं. कानडी लिपीला जिलबी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. म्हणणाऱ्याने एकदा त्या चित्रातून प, व आणि ष वेगवेगळे ओळखून दाखवावेत. तिघांची चण एक, डोक्यावरची 'तलेकट्टु' नावाची टोपी जवळजवळ एक. कोणाच्या पोटात रेघ आहे एवढ्यावरून माणूस ओळखायचा. 'बरुवुदिल्ल' मधल्या व पर्यंत पोचेतो कमिटीचा चहा येऊन गार झाला.

आणि मग कोपऱ्यातल्या यादीत मला माहेरचं नाव दिसलं: इनस्क्रिप्ट.

ज्यांनी हा कीबोर्ड वापरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मान्य केलेली ही मांडणी आपल्या बहुतेक सगळ्या लिप्यांना सारखीच. मराठीत क जिथे, कन्नडमध्येही क तिथेच. ळ तसाच शिफ्ट धरून एनवर, हलन्त डीवर. कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या युनिकोडमध्येही दोन्ही लिप्यांचा क्रम सारखाच: मराठी क चा नंबर २३२५, कन्नड क चा ३२२१. मराठी ळ २३५५, कन्नड ३२५१. दोन्हीकडे ८९६ चा फरक. म्हणजे ८९६ मिळवले की माणूस सीमेपलीकडे, आणि एवढ्यासाठी आपण बेळगावावरून इतकी वर्षं कोर्टात.

तर मी डोळे मिटले आणि मराठीत टाइप करतेय असं समजून 'नाळे नीरु बरुवुदिल्ल' बडवलं. पडद्यावर झरझर कन्नड उमटलं. मेष्ट्रु खुर्ची ओढून जवळ आले. माझी बोटं कन्नड साक्षर, डोळे ठार निरक्षर. काय लिहिलंय ते मला वाचता येईना.

मेष्ट्रूंना येत होतं, हीच पंचाईत. "नाळे मधला ए दीर्घ झालाय. ऱ्हस्व पाहिजे." कन्नडमध्ये ए दोन आणि ओ दोन. त्यांनी म्हणून दाखवलं, आखूड म्हटलं की 'बेळे' शेतातलं पीक, लांबवलं की वरणाची डाळ. मी मान डोलावली. मला दोन्ही वेळा डाळच ऐकू आली. ऱ्हस्व ए ची मात्रा निघाली झेडवर, जिच्याकडे मराठी लिहिताना मी कधी ढुंकून बघितलं नव्हतं.

खरा घाम फोडला तो 'अपार्टमेंट'ने. र दाबला, र आला. हलन्त दिला, त्याच्या डोक्यावर शेपटी आली. ट दाबला आणि र गायब! बघते तर तो ट ला वळसा घालून पलीकडे जाऊन उभा. याला म्हणे अर्कावत्तु म्हणतात. आपला रफार निदान डोक्यावर बसतो, समोर दिसतो. पुढे ट ला हलन्त देऊन मे दाबला, तर म थेट ट च्या पायाखाली बेसमेंटमध्ये, आणि त्याची मात्रा मात्र ट च्या टाळूवर. बॅकस्पेस मारावा तर अख्खं अक्षर जात नाही. आधी मात्रा जाते, मग म, मग हलन्त. विटा उतरवल्यासारखं एकेक.

यावर उतारा आहे. ट च्या हलन्तानंतर 'झिरो विड्थ नॉन-जॉइनर' नावाचं अक्षर टाकायचं. त्याची रुंदी शून्य, ते दिसत नाही, छापलं जात नाही. त्याचं काम एकच, दोन अक्षरांना एकमेकांच्या अंगावर चढू न देणं. असा एक सभासद प्रत्येक कमिटीत पाहिजे. तो टाकल्याबरोबर म तळघरातून वर आला. मेष्ट्रु म्हणाले, "सरि." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पद्मश्रीच.

प्रिंट काढून वॉचमनच्या हातात दिली. त्याने उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "मॅडम, इसमें लिखा क्या है?" तो आसामचा. सोसायटीचे सगळेच वॉचमन आसामचे नाहीतर ओडिशाचे, आणि टँकर आला की गेट उघडणारे तेच.

चेअरमनसाहेब तिथेच होते. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आंटी, तुमचा तो कीबोर्ड सगळ्या भाषांना सेमच असतो म्हणालात ना? मग आसामी, ओडिया..."

"गोत्तिल्ल," म्हणजे माहीत नाही, म्हटलं, आणि पर्स उचलली.