टोकाचं बोलतो तो दमदार? उलट आहे, मामा

‘पक्ष नको, जाहीरनामा नको, फक्त माणूस बघा’ असा एक मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडे जोरात फिरतोय. काल तो पाचोऱ्याच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘सगळ्यांनी वाचा, पटण्यासारखं आहे.’ मामांच्या शब्दावर आमच्या भाऊबंदकीतली बरीच मतं ठरतात, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेजचं म्हणणं असं: जाहीरनामे सगळे सारखेच, माणूस चांगला असला की धोरण आपोआप चांगलं होतं, टोकाचं बोलतो तो दमदार आणि मधलं बोलतो तो कमजोर, कोणीच पटत नसेल तर नोटा (‘यापैकी कोणीही नाही’चं बटण) दाबा, निवडणूक परत होते.

सगळ्यात घातक तिसरा मुद्दा आहे, आधी तोच घेतो.

गिरणेच्या पाण्याचं बघा. एक टोक म्हणतं, धरणातलं सगळं पाणी शेतीला सोडा. दुसरं म्हणतं, पाटाला थेंबही नको, सगळं पिण्यासाठी राखा. समजा, बहुतेक लोक यांच्या मध्ये कुठेतरी आहेत: रब्बीला दोन-तीन आवर्तनं द्या, उरलेलं उन्हाळ्याला ठेवा. आता दोन उमेदवार धरा. एक कामाचा माणूस, फोन उचलतो, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला कागद वाचून जातो. दुसऱ्याच्या नावावर दाखवण्यासारखं काहीच नाही. दोघंही मधलंच बोलले तर पाण्यावरून निवड करायला फरकच उरत नाही. मत माणसावर पडणार आणि दुसरा आपटणार. त्याला तरायचं असेल तर मध्य सोडून एका बाजूला सरकावं लागतं आणि यंदा वारं तिकडेच फिरेल अशी आशा धरावी लागते. पहिल्याला ती गरज नाही. तो मध्याजवळ राहिला की त्याचं चांगलं नाव पुरेसं होतं.

हे माझ्या मनचं नाही. टिम ग्रोसक्लोज या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने २००१ मध्ये हे गणितानं मांडलं. मतदारांचा कल नेमका कुठे आहे हे उमेदवारांना पक्कं ठाऊक नसेल, तर थोडा जरी वरचढ असलेला उमेदवार मध्याकडे सरकतो आणि कमकुवत उमेदवार मध्यापासून लांब जातो. मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट!

टोकाचं बोलणारा प्रत्येक जण पोकळ नसतो, हे मान्य. काही जण ते मनापासून मानतात आणि पडायची तयारी ठेवून बोलतात. पण नुसत्या आवाजावरून ते कसं कळणार? त्यापेक्षा उमेदवाराचं नमुना २६ चं शपथपत्र वाचा. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, सगळं त्यात असतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. मामा, एवढा एक कागद तुम्ही सभेला जायच्या आधी वाचाच.

‘माणूस चांगला असला की धोरण चांगलं’ हे तर विधानसभेच्या दारातच गळून पडतं. १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे. पक्षाने व्हिप (असंच मत द्या, हा आदेश) काढला आणि आमदाराने विरोधात मत दिलं, तर आमदारकी जाऊ शकते. तुम्ही पाठवलेला सज्जन तिथे पक्षाच्या धोरणावरच हात वर करणार. मग ते धोरण आधी वाचायला नको?

जाहीरनामे सारखे असतात, यात अर्धं खरं आहे. पाडळसरे धरण पूर्ण करू, हे ऐकून अमळनेरकरांचे कान किटले. पण धरण व्हावं यावर वाद कुणाचाच नाही. अशा कामात माणूसच बघायचा, पाठपुरावा कोण करतो ते. जिथे खरंच भांडण आहे, म्हणजे पाणी आधी कुणाला, तिथे मात्र कोण काय म्हणतो हे वाचल्याशिवाय मत देणं म्हणजे डोळे झाकून सही करणं.

राहिला नोटा. तो २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आला. लोकसभा-विधानसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो. निवडणूक परत होत नाही. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये नगरपालिकांसारख्या स्थानिक निवडणुकांसाठी फेरनिवडणुकीचा नियम केला, बहुधा त्यावरूनच हे पिल्लू सुटलं असावं. तिथेही फेरनिवडणुकीत पुन्हा नोटाच पुढे राहिला, तर नोटा वगळून सर्वाधिक मतं घेणाराच निवडून येतो.