स्कोअर वाढला म्हणजे स्टेप सुधारली असं नसतं

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की पोरांना डान्स क्लास कशाला, टीव्हीवर डान्स गेम लावून द्या, स्कोअर वाढला म्हणजे स्टेप सुधारली, चूक गेमच दाखवते आणि पोरं तिथल्या तिथे दुरुस्त करतात. यंदा अख्खा मे महिना मी जळगावात भाचीसोबत हेच केलंय, ४४ डिग्रीत पोरीला बाहेर कुठे सोडणार, म्हणून बोलतेय.

आधी स्कोअरचं. जस्ट डान्स ही गेम २००९ ला रिमोट हातात धरून खेळायची म्हणून आली, आता रिमोटच्या जागी फोन, आणि अशा खेळात मोजला जातो तो फक्त फोन धरलेला हात. पाय, कंबर, दुसरा हात हिशोबातच नाही. आमच्या घरची गेम त्याच जातीची. मी भाचीला खाटेवर बसवलं, म्हटलं पाय हलवू नको, नुसता उजवा हात फिरव, तरी 'परफेक्ट' यायला लागले! बाणांवर पाय टाकायच्या गेममध्ये बरोबर उलटं, तिथे पाय मोजतात, हात कसेही राहू द्या.

चूक गेम दाखवते हे अर्धं खरं. फुली येते, पण हात उशिरा गेला की चुकीच्या बाजूला गेला ते कोण सांगणार? २०१० च्या डान्स सेंट्रल गेममध्ये एक्सबॉक्सला जोडलेला कायनेक्ट कॅमेरा सगळं अंग बघायचा, चुकलेला हात किंवा पाय स्क्रीनवर लाल व्हायचा, एकेक स्टेप सुटी करून स्लो शिकायची सोयही होती. ते मला मनापासून आवडतं. पण कायनेक्ट बनवणंच २०१७ ला बंद झालं.

आणि 'तिथल्या तिथे दुरुस्त' तर अजिबात नाही, गाणं थांबतच नाही ना. भाची चुकली की खाली पायाकडे बघायची, तेवढ्यात स्क्रीनवरची पुढची स्टेप निघून जायची, की दुसरी चूक, मग तिसरी. जमायला लागलं ते चुकलेली स्टेप सोडून पुढच्या मोजणीतल्या 'एक'ला पाय धरायला लागली तेव्हा. खरी दुरुस्ती गाणं बंद केल्यावर झाली, "मावशी, पहिला पाय कुठला गं?" असं विचारून, हात कमरेवर ठेवून नुसते पाय, हळूहळू मोजत, आणि पाय बसल्यावर मग हात.

अजून एक, स्क्रीनवरचा डान्सर आरशासारखा नाचतो, त्याचा डावा हात वर म्हणजे आपला उजवा. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, विसर्जनाला भाची बायकांच्या रांगेत काकूच्या मागे उभी राहिली, पण सवयीने समोर तोंड करून नाचणाऱ्या बाईकडे बघून उलट्याच बाजूला सरकली, दोनदा धडकली. मग काकूच्या टाचांवर नजर ठेवून तोंडातल्या तोंडात एक-दोन-तीन-चार सुरू केलं, आणि चौक येईपर्यंत पाय जमले.